मोआबचा लाल दगड आणि विजेवरची मोटारसायकल

गुरुवार : सॉल्ट लेक सिटी ते मोआब

विजेवरची मोटारसायकल डोंगरात, वाळूत, खडकावर कितपत साथ देते, यावर आमच्या मित्रमंडळीत बरेच दिवस वाद चालू होता. वाद घालणाऱ्यांपैकी कुणीही ती डांबर सोडून चालवलेली नव्हती. ऑक्टोबरअखेरीस सुट्ट्या जुळल्या आणि आम्ही यूटा राज्यातल्या मोआबला जायचं ठरवलं. ऑफ-रोड गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. उघडा खडक, नदीकाठची भुसभुशीत वाळू आणि तीन हजार मीटरच्या वर जाणारा डोंगर, सगळं एकाच गावाच्या आसपास.

आम्ही तिघं. मी मूळचा साताऱ्याचा, मित्र कोल्हापूरचा आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, इचलकरंजीच्या. पिकअपच्या हौद्यात दोन गाड्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या होत्या. एक मित्राची पेट्रोलवरची, ३०० सीसीची. दुसरी भाड्याने घेतलेली विजेवरची. तिला नंबर प्लेट होती, वजन १२० किलोच्या आसपास, बॅटरी ७ युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलात छापलेलं असतं तेच.

वहिनी हिशेबतपासनीस आहेत. गाडी प्रोव्होच्या पुढे स्पॅनिश फोर्कच्या दरीत शिरेपर्यंत त्यांनी पावतीच्या मागे गणित मांडून टाकलं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. मित्राच्या गाडीची टाकी ८ लिटरची, म्हणजे ७२ युनिट. इंजिन त्यातला तीन चतुर्थांश भाग उष्णतेत घालवतं, चाकापर्यंत पोचतात जेमतेम १८. विजेची मोटर जवळजवळ काहीच वाया घालवत नाही, पण मुळात बॅटरीतच ७ आहेत, तर चाकाला मिळतात सहाच्या वर थोडे. आणि ८ लिटर पेट्रोलचं वजन ६ किलो, बॅटरीचं तीसच्या पुढे. "भाऊजी, बाकी काही असो, ही गाडी लांबच्या गावाला जाणारी नाही," त्या म्हणाल्या. पुढचे सगळे दिवस हा आकडा आमच्या डोक्यावर बसून होता.

तरीही या गाड्यांकडे मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवलेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या अल्टा मोटर्सने रेडशिफ्ट ही विजेवरची मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, गाडी बनवली होती. जाणकारांनी तिची तारीफ केली, पण पैसा पुरला नाही आणि २०१८ च्या ऑक्टोबरात कंपनी बंद पडली. तीन वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, बार्सिलोनाच्या स्टार्क फ्युचरने वार्ग जाहीर केली, ८० अश्वशक्तीची. पेट्रोलच्या ४५० सीसी मोटोक्रॉस गाड्या पंचावन्न-साठच्या आसपास असतात. पुढच्याच वर्षी आपल्या रॉयल एनफिल्डच्या आयशर मोटर्सने स्टार्कमध्ये ५ कोटी युरो घातले, आणि हीरो मोटोकॉर्पने कॅलिफोर्नियाच्याच झीरो मोटरसायकल्समध्ये ६ कोटी डॉलरपर्यंत गुंतवायचं ठरवलं. २०२५ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने शॉकवेव्ह नावाची हलकी एनड्युरो, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची, गाडी दाखवली. म्हणजे हा विषय अमेरिकेतल्या हौशी लोकांपुरता उरलेला नाही. आपल्याकडच्या डोंगरात त्या येणार आहेत, म्हणून त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

सोल्जर समिट, हेल्पर, प्राइस, ग्रीन रिव्हर असं करत दुपारी क्रेसेंट जंक्शनला दक्षिणेकडे वळलो. इथे रस्त्यापासून काही अंतरावर एक प्रचंड मोठा भराव आहे. मोआब हे १९५० च्या दशकात युरेनियमचं गाव होतं. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच मोठा साठा सापडला आणि गाव रातोरात फुगलं. धातू काढून घेतल्यावर उरलेला किरणोत्सारी गाळ कोलोरॅडो नदीच्या काठावरच पडून होता, सुमारे १ कोटी ६० लाख टन. तो २००९ पासून रेल्वेने उचलून इथे, नदीपासून पन्नासेक किलोमीटर दूर, आणून पुरत आले. अणुऊर्जाही एकेकाळी स्वच्छ म्हणूनच आली होती. आमच्या गाडीतली बॅटरीही कुठल्या तरी जमिनीतून खणून काढलेल्या लिथियमची, निकेलची आहे, आणि ते खणणाऱ्या गावांचं काय झालं हे विचारायचा हक्क ती वापरणाऱ्याने सोडू नये असं मला वाटतं. धूर दिसत नाही एवढ्यावर गाडी निर्दोष ठरत नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागेवर तंबू लावला. इथे मोठ्या कॅम्पर गाड्यांसाठी प्रत्येक जागेवर विजेचा खांब असतो, म्हणून ही जागा घेतली होती. चार्जर लावला, वहिनींनी चहासाठी विजेची किटली लावली, आणि ब्रेकर पडला. मग किटली बंद, चहा गॅसवर. गाडी दोन दिवस उभीच होती, बॅटरी नव्वद टक्के होती, पण तरीही ती पूर्ण व्हायला चांगला तासभर गेला.

शुक्रवार : सँड फ्लॅट्स, स्लिकरॉक

आज पहिली परीक्षा. गावाच्या पूर्वेला चढावर सँड फ्लॅट्स आहे. नाक्यावर पैसे भरून आत गेलं की स्लिकरॉकची फेरी सुरू होते. आज जगभरातले सायकलस्वार इथे येतात, पण १९६९ मध्ये ही वाट आखली ती मोटारसायकलवाल्यांनी, त्यामुळे मोटारसायकलला इथे रीतसर प्रवेश आहे. फेरी साडेदहा मैलांची, म्हणजे सुमारे १७ किलोमीटर. आकडा लहान वाटतो. पण यात एकही सपाट तुकडा नाही. प्राचीन वाळूचे डोंगर दगड होऊन बसलेले, त्यांच्या पाठीवरून वर, पोटात खाली, पुन्हा वर. वाट म्हणजे खडकावर पांढऱ्या रंगाने मारलेल्या रेघा, दुसरी खूण नाही.

पहिल्याच उभ्या चढावर या गाडीचं वेगळेपण कळलं. पेट्रोलच्या गाडीवर असा चढ म्हणजे आधी वेग, बरोबर गिअर, क्लचवर दोन बोटं, आणि मधे कुठे इंजिन बंद पडलं तर उताराला पाठ करून गाडी सावरायची धडपड. इथे क्लचच नाही. गिअर नाही. चढाच्या मधोमध मी मुद्दाम थांबलो. दोन्ही ब्रेक धरले, श्वास घेतला, पुढची रेघ शोधली, एक्सलरेटर केसभर फिरवला आणि गाडी शून्यातून तशीच वर निघाली. मोटरचा पूर्ण जोर पहिल्या फेऱ्यापासून मिळतो, ही गोष्ट कागदावर वाचणं वेगळं आणि असल्या उतरत्या खडकावर मांड्यांखाली जाणवणं वेगळं. मागचं चाक सरकायला लागलं की टायरची करकर लगेच ऐकू येते, कारण वर इंजिनचा आवाज नसतो. खडक कुठे कोरडा आहे आणि कुठे वर बारीक रेती साचली आहे हे कान सांगत होते.

मित्र मागून येत होता. अर्ध्या फेरीत त्याची गाडी दोनदा बंद पडली, आणि हा माणूस वीस वर्षं गाड्या चालवतोय. एका तीव्र घळीत आम्ही गाड्या बदलल्या. तो वर जाऊन थांबला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चढते भारी. पण पायरी आली की मला पुढचं चाक उचलायला क्लच पायजे." त्याचं बरोबर होतं. गुडघाभर उंच पायरीवर अनुभवी माणूस क्लच झटक्यात सोडून पुढचं चाक उचलतो. इंजिनच्या फिरत्या वजनात साठलेला जोर तेव्हा कामाला येतो. मोटरमध्ये तसा साठा नसतो, सगळं एक्सलरेटरच्या हिशेबावर. शिकता येतं, पण हात नव्याने तयार करावा लागतो.

उतारावर मात्र मला फार समाधान वाटलं. एक्सलरेटर सोडला की मोटर उलटं काम करते, चाक धरून ठेवते आणि थोडी वीज बॅटरीत परत पाठवते. हा जोर बटणाने कमीजास्त करता येतो. मी तो सगळ्यात वर ठेवला आणि लांबलचक उतारांवर ब्रेकला जवळपास हात लावला नाही.

फेरीच्या मध्यावर खडकाच्या कडेवरून खाली कोलोरॅडो नदी दिसते. तिथे सायकलवाल्यांचा एक घोळका बसला होता. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी गाडीची चौकशी केली आणि म्हणाल्या की तुम्ही आलात हे कळलंच नाही, बरं वाटलं. त्याच घोळक्यातला एक तरुण मात्र चिडलेला होता. वळणावर मी त्याच्या मागे अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नव्हता आणि तो दचकून पडता पडता वाचला होता. दोघांचंही म्हणणं रास्त होतं. गावात परतल्यावर सायकलच्या दुकानातून एक पितळी घंटी घेतली आणि हँडलला लावली. पुढचे सगळे दिवस आंधळ्या वळणाआधी ती वाजवत गेलो. ऐंशी अश्वशक्तीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी ही घंटी कारखान्यातूनच लावून द्यायला हवी.

फेरी संपली तेव्हा बॅटरी ६५ टक्के होती. अवघड खडकावर तीन तास चालवून सव्वादोन-अडीच युनिट. हळू चालवण्यात ही गाडी कमालीची काटकसरी आहे.

परतीच्या वाटेवर एका रुंद, पक्क्या मातीच्या रस्त्यावर वहिनींनी गाडी मागितली. त्यांच्याकडे दुचाकीचा परवाना आहे, पण गिअरची गाडी त्यांनी कधी चालवली नाही. इचलकरंजीत कॉलेजपासून ॲक्टिव्हा. या गाडीला मागचा ब्रेक डाव्या मुठीला आहे, पायाला नाही, म्हणजे हुबेहूब ॲक्टिव्हासारखी रचना. सर्वांत सौम्य मोड लावून दिला. शंभर मीटर जाऊन त्या परत फिरल्या त्या उभ्या राहूनच, पायटांवर वजन टाकून, गुडघे सैल. मित्र हादरला. "हिला कोणी शिकवलं?" क्लच आणि गिअरच्या भीतीने ज्या बायका, जी मुलं या खेळाकडे फिरकत नाहीत, त्यांच्यासाठी ही गाडी दार उघडते. तिच्या सगळ्या गुणांत मी हा गुण सगळ्यात वर ठेवतो.

गाडी गरम असतानाच चार्जिंगला लावली. रात्री पारा शून्याजवळ जातो, आणि गोठणबिंदूखालच्या बॅटरीत वीज भरली तर ती कायमची बिघडते. चांगल्या गाड्यांत कंट्रोलर, म्हणजे बॅटरी-मोटरवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, स्वतःच चार्जिंग रोखतो. या गाडीची बॅटरी काढून तंबूत नेता येत नाही. म्हणून उतरल्या उतरल्या प्लग लावायचा, हा नियम.

शनिवार : पोटॅश रोड आणि शेफर ट्रेल

आजचा दिवस मी मनात सगळ्यात जास्त घोकला होता. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या आतल्या रस्त्यांवर मोटारसायकलला नंबर प्लेट आणि चालवणाऱ्याला परवाना सक्तीचा आहे, त्यामुळे नुसती मोटोक्रॉसची गाडी इथे चालत नाही. आमच्या गाडीला प्लेट असल्याने अडचण नव्हती. खरं तर मला १०० मैलांचा व्हाइट रिम रस्ता खुणावत होता. त्याला दिवसाचा परवाना काढावा लागतो. पण १६० किलोमीटर, मधे ना पाणी, ना वीज, ना फोन. ७ युनिटवर ते शक्य नव्हतं. मित्राच्या टाकीवर ते एका दिवसात होतं, जास्तीचं पेट्रोल पाठीवर घेतलं की चिंता मिटली. वीज अशी डब्यात भरून नेता येत नाही.

म्हणून त्यातला एक तुकडा घेतला. नदीकाठचा डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत गाड्या पिकअपमधून नेल्या. वहिनी पिकअप घेऊन मागे फिरल्या, महामार्गाने वळसा घालून वरच्या पठारावर आमची वाट बघणार होत्या. आम्ही खालून निघालो. पोटॅश काढणाऱ्या कारखान्याची बाष्पीभवनाची तळी लागली. पाण्यात निळा रंग मिसळतात, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं. सगळीकडे तांबडी माती आणि मधे ते कृत्रिम निळं पाणी.

पुढे एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाळू लागली. पीठच म्हणा. वाळूत गाडीला सतत जोर द्यावा लागतो, वेग मात्र मिळत नाही, आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या मोटरसाठी याच्याइतकी वाईट अवस्था नाही. आधी पडद्यावर थर्मामीटरची पिवळी खूण आली. मग एक्सलरेटर पूर्ण फिरवला तरी गाडी निम्म्याच जोराने ओढायला लागली. कंट्रोलरने मोटर वाचवण्यासाठी जोर छाटला होता. मी उतरून ढकलत ती पात्राबाहेर काढली आणि एका कपारीच्या सावलीत उभी केली. मोटरच्या आवरणाजवळ हात नेला तरी झळ लागत होती. भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी काढली. अर्ध्या तासाने खूण गेली, गाडी पूर्ववत. या गाडीत दुसरं काही करायचं नसतंच. स्पार्क प्लग साफ करा, कार्ब्युरेटर उघडा, जेटमधली घाण फुंका, अशा ज्या खटपटींवर आपण वाढलो त्यांना इथे जागा नाही. थंड होण्याची वाट बघायची. आणि थंड होऊनही सुरू झाली नाही तर वाळवंटात लॅपटॉप लावणारा कुणी भेटणार नाही. रोजची देखभाल जवळपास शून्य, पण मोठा बिघाड झाला की तुमच्या हातात काही नाही. एकट्याने लांब जाणाऱ्याने हे तोलून बघावं.

शेफरची चढण पायथ्यापासून पाहिली की तिथे रस्ता असेल यावर विश्वास बसत नाही. सरळ उभा कडा, आणि त्यावर नागमोडी वळणं. आधी गुराख्यांची पायवाट होती, १९५० च्या दशकात युरेनियमच्या ट्रकांसाठी रुंद केली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा नाही. इथे गाडी पुन्हा आपल्या रंगात आली. प्रत्येक वळणावर जवळजवळ थांबायचं आणि निघायचं, तिला ते काहीच वाटत नव्हतं. आमच्या वजनाला सहाशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा हिशेबाने अर्ध्या युनिटहूनही कमी भरते. खरी वीज चढ खात नाही, वाळू आणि वेग खातात.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर रस्त्याच्या कडेला रानमेंढ्या होत्या, वळलेल्या जाड शिंगांच्या. मी थांबलो. चाकाखालचा खडा हलला तेवढाच आवाज. एक मादी आणि तिचं पिल्लू माझ्याकडे बघत चरत राहिले. दोन वळणं खालून मित्राच्या इंजिनची घरघर वर आली तशी सगळ्यांची डोकी एकदम उठली आणि कळप कड्यावरून खाली, जिथे मला पाय ठेवायलाही जागा दिसत नव्हती, तिथे नाहीसा झाला. आवाजावरून मोआबमध्ये खरोखर लढाई चालू आहे. गावातून जाणाऱ्या गाड्यांच्या गोंगाटाला कंटाळून ग्रँड काउंटीने, म्हणजे मोआबच्या जिल्ह्याने, २०२१ मध्ये आवाजावर मर्यादा घातली. २०२३ मध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे बीएलएमने, जेमिनी ब्रिजेस आणि लॅबिरिंथ भागातले ३१७ मैल रस्ते मोटर वाहनांना बंद केले. वाहनांच्या संघटना कोर्टात गेल्या. या भांडणात विजेच्या गाड्यांनी निम्मा तरी राग शांत होईल.

पण निम्माच. उरलेल्या निम्म्याची गोष्ट मातीची आहे. रस्त्याच्या कडेला, खडकांच्या मधल्या मातीवर, काळपट, खरखरीत, बोटभर उंचीची साय असते. सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून ती बनते. तीच या वाळवंटाची माती धरून ठेवते, पाणी मुरवते. एक टायर तिच्यावरून गेला तर ती पुन्हा बनायला दशकं लागतात. टायरच्या वर इंजिन आहे की मोटर, हे त्या मातीला कळत नाही. उलट, न ऐकू येणारा माणूस वाट सोडून गेला तर त्याला पकडणारही कोणी नाही. बीएलएम विजेच्या मोटारसायकलला मोटर वाहनच मानतं, सायकलच्या वाटांवर तिला मनाई आहे, आणि हे योग्यच आहे. मला आमचं कास आठवत होतं. जांभ्याच्या सड्यावर इंचभर मातीत काय काय उगवतं ते आम्ही लहानपणापासून पाहिलंय. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या त्या पठाराच्या आसपास हलक्या, मुक्या गाड्या घेऊन पोरं फिरायला लागली, तर आवाज नाही म्हणून कोणी हटकणार नाही. नियम आधी व्हायला हवेत, गाड्या नंतर.

वर पोचलो तेव्हा बॅटरी ४६ टक्के. तिथून मोआब डांबरी रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या वर. ताशी शंभरच्या वेगाने ही गाडी भराभर वीज पिते, वाऱ्याशी भांडण्यातच सगळी जाते. उरलेली सव्वातीन युनिट तीसेक किलोमीटरमध्ये संपली असती. पिकअपचं दार उघडं ठेवून वहिनी पुस्तक वाचत बसल्या होत्या. फळी लावली, गाडी चढवली. मित्राने हेल्मेट घातलं, "पुढं जातो, चहा टाकून ठेवतो" म्हणाला आणि निघून गेला. रस्ता सोडून जायला बनवलेल्या गाडीला सगळ्यात जड जातो तो रस्ताच.

रविवार : ला साल

सकाळी तंबूवर हिमकण होते. आज ला साल पर्वतात, गायझर पासच्या कच्च्या रस्त्याने. खिंड सुमारे ३,२०० मीटरवर आहे. पायथ्यापर्यंत पुन्हा पिकअप.

उंचीवर हवा विरळ होते, आणि दर हजार मीटरला पेट्रोलचं इंजिन साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं. खाली गावात माझ्या बरोबरीने पळणारी मित्राची गाडी इथे शेवटच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. मोटरला हवा लागतच नाही. मी तीन हजार मीटरवर तसाच चढत होतो जसा सँड फ्लॅट्सवर. लडाखमध्ये गाडी घेऊन गेलेल्या प्रत्येकाला हे ऐकून हेवा वाटेल. अर्थात लडाखमध्ये पुढचा प्लग कुठे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो, शिवाय थंडीत बॅटरी स्वतःच आखडते. आज सकाळी पहिली पाच-सहा मिनिटं तिने पूर्ण जोर दिला नाही, आणि तेवढ्याच चालण्यात आकडा एरवीपेक्षा झपाट्याने खाली आला.

सावलीत बर्फाचे पट्टे होते. पानगळ झालेले ॲस्पेन, पांढरे बुंधे. खिंडीत थांबलो तर संपूर्ण शांतता, दोघांच्या गाड्या बंद. मग तासभर बोललो ते या गाडीची खरी जागा कुठली यावर. मित्राच्या मते फार्महाऊस आणि मोटोक्रॉसचा ट्रॅक, जिथे प्लग दोनशे मीटरवर असतो. मला वनरक्षक आठवत होते. स्वीडनच्या केक कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेजबरोबर गस्तीसाठी विजेच्या गाड्या तयार केल्या होत्या. चोरट्या शिकाऱ्यांना पेट्रोलचं इंजिन लांबून ऐकू येतं, ही गाडी येत नाही, आणि रानात पेट्रोल पोचवण्याऐवजी सौर पॅनेलवर चार्जिंग होतं. रोज संध्याकाळी त्याच चौकीवर परत यायचं असेल तर ५०-६० किलोमीटर पुरेसे आहेत. कोयनेच्या, चांदोलीच्या जंगलात पायी गस्त घालणाऱ्या आपल्या माणसांना अशी गाडी मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण ती केक कंपनीही २०२४ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली, मग नॉर्वेतल्या खरेदीदाराने ती उचलली. अल्टा गेली, केक बुडाली. पेट्रोलच्या गाडीची कंपनी बुडाली तरी गॅरेजवाला पिस्टन कुठून तरी आणतो. बॅटरीचं सॉफ्टवेअर मात्र कंपनीबरोबर जातं. सरकारी खात्याने घ्यायची तर आधी सुट्या भागांची आणि दुरुस्तीच्या माहितीची हमी करारात लिहून घ्यावी.

उतरताना आठशे मीटरच्या घसरणीत बॅटरी तीन टक्के वाढली. फार नाही, पण वाढली. खिंडीत बॅटरी काठोकाठ भरलेली असती तर वीज ठेवायला जागाच उरली नसती आणि मोटरचा हा ब्रेक मिळाला नसता, म्हणून डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने सकाळी पूर्ण चार्ज करून उतरू नये.

सोमवार : परत

ग्रीन रिव्हरला थांबलो. खरबुजांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव, पण हंगाम संपला होता, टपऱ्या बंद. पेट्रोल पंपावर वहिनींनी हिशेब पूर्ण केला. मुक्कामाच्या सगळ्या रात्रींची गाडीला लागलेली वीज घरच्या दराने तीन डॉलरच्या आत. मित्राच्या गाडीचं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट. मात्र विजेची गाडी जिथे जाईल तिथे नेणाऱ्या पिकअपने जे पेट्रोल प्यायलं, ते वहिनींनी वेगळ्या रकान्यात लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी गाडी परत केली. दुकानातल्या पोराने साखळी तपासली, टायर तपासले, घंटीकडे बघून विचारलं की ही तुमची का. ती गाडीवरच ठेवा म्हणून सांगितलं. मित्र पेट्रोलची गाडी विकणार नाही, व्हाइट रिम त्याला त्याच गाडीने करायचा आहे. वहिनींनी तिथल्या तिथे काउंटरवर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यासाठी हीच गाडी स्वतःच्या नावावर नोंदवली, ईस्टर जीप सफारी या जीपवाल्यांच्या मेळाव्याची गर्दी मोआबला लोटायच्या आधी.